कुलूप शाबूत, घर साफ

कापसाची वेचणी सुरू झाली की जिल्ह्याच्या पेपरांत एक वाक्य पुन्हा पुन्हा छापून येऊ लागते. गावाचे नाव बदलते, तोळे बदलतात, वाक्य तेच राहते : घरातील मंडळी शेतात गेली असता अज्ञात चोरट्यांनी दाराचा कडीकोयंडा तोडून ऐवज लंपास केला. हे आपण इतक्या वेळा वाचले आहे की त्यात काय लिहिले आहे तेच दिसेनासे झाले आहे. चोराने कुलूप तोडले असे त्यात लिहिलेले नसते. कुलूप तसेच असते. बंद, कोरे करकरीत, उखडलेल्या कोयंड्याला लटकलेले.

या पानावर आम्ही भावाबद्दल लिहितो, कर्जाबद्दल लिहितो. आता दाराच्या कडीबद्दल लिहायला बसलो म्हणून काही जण हसतील. हसू द्या. तीन तोळे गेले म्हणजे काय गेले हे शहरातल्या माणसाला कळत नाही, कारण त्याच्या घरी तो दागिना असतो. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी ते पुढच्या वर्षीचे बियाणे असते. मृगाचा पाऊस पडतो, पीककर्जाचे कागद बँकेच्या टेबलावरून हलत नाहीत, आणि मग घरच्या लक्ष्मीच्या गळ्यातली पोत गहाण पडते. तिच्यावर पेरणी होते. कापूस विकला की पोत सुटते, जूनमध्ये पुन्हा जाते. ती पोत एकदा चोराच्या हाती गेली की जूनमध्ये गहाण टाकायला उरते फक्त शेत. म्हणून घरफोडी ही पोलिसांची बाब, संघटनेने त्यात पडू नये, हे आम्हाला मान्य नाही.

शहाणी माणसे सांगतात, घरात ठेवता कशाला? बँकेत ठेवा. सल्ला चांगला आहे. पण आपला माणूस बँकेला का बिचकतो, हेही त्यांनी समजून घ्यावे. नागपूर जिल्हा मध्यवर्ती बँकेचा रोखे घोटाळा २००२ साली उघडकीला आला. न्यायालयाने शिक्षा सुनावली ती डिसेंबर २०२३ मध्ये. एकवीस वर्षे. ज्याने हे डोळ्यांनी पाहिले, तो गाडग्यात पैसे ठेवतो तेव्हा त्याला अडाणी म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे? तरीही आमचे मत सांगतो : सीसीआयला कापूस दिला तर पैसे खात्यावरच येतात, व्यापाऱ्याला दिला तर निदान मोठी रक्कम तरी खात्यावर घ्या. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख एका व्यवहारात घेणे तसेही २०१७ पासून कायद्याने बंद आहे. बाजाराच्या दिवशी कापूस विकून पैशाची थैली घेऊन घरी आलेला माणूस सगळ्या गावाला ठाऊक असतो. चोरालाही ठाऊक असतो.

आपल्या आजोबांच्या घराला काय होते? सागवानी दार, दोन बोटे जाड फळ्या, आतून भिंतीत सरकणारी आगळ. मोठ्या वाड्याला दिंडी दरवाजा, वाकल्याशिवाय आत शिरता येत नसे. आणि वाकलेल्या माणसाची मान आतल्याच्या हाती. ज्वारी पेवात असायची. पेवाचे तोंड उघडले की लगेच उतरायचे नसते, आतल्या कोंडलेल्या हवेने माणूस मरतो. उघडून ठेवायचे, हवा खेळू द्यायची, मग उतरायचे. ज्या मालाची राखण विषारी हवा करते तिथे चोराला घाई करून चालत नाही! शिवाय ज्वारीचे पोते न्यायला खांदा लागतो, सोन्याला खिसा पुरतो.

पण त्या दाराचे खरे बळ आगळीत नव्हते. आगळ आतूनच लागते. म्हणजे आत कोणीतरी असावे लागते, आणि पूर्वी ते असे. म्हातारी ओसरीवर बसलेली असे, पोरे अंगणात असत. आज पोरे तालुक्याला शाळेत, वेचणीला मजूर मिळत नाही म्हणून घरातली झाडून सारी माणसे शेतात, आणि सकाळी नऊपासून दिवे लागणीपर्यंत गल्लीच्या गल्ली ओस. आगळ कोपऱ्यात उभी. दाराला बाहेरून कडी आणि कडीत कुलूप. ते लटकणारे कुलूप चोराला दुरूनच सांगते की घरात कोणी नाही.

आता त्या कडीकडे नीट पाहा. दुकानातून दोनशे-तीनशे रुपयांचे कुलूप आणतो, कंपनीचे नाव पाहून आणतो. गोदरेजचा धंदा १८९७ साली कुलपांपासूनच सुरू झाला आणि अलीगढची कुलपे देशभर जातात, तेव्हा कुलूप बनवण्याची विद्या या देशात कमी नाही. पण ते कुलूप ज्यात अडकवतो तो कोयंडा अर्ध्या-पाऊण इंचाच्या चार स्क्रूंनी लाकडाला चिकटवलेला असतो. लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आटते, स्क्रूचे आटे सैल पडतात. सब्बलीचे टोक आत घातले आणि एक हिसका दिला की चारही स्क्रू लाकडाच्या भुशासकट बाहेर. आवाज होत नाही. पाच मिनिटेसुद्धा लागत नाहीत.

उपाय सुताराला विचारा, तो हेच सांगेल. स्क्रू काढून टाका. कडी आणि कोयंडा दोन्ही आरपार बोल्टने बसवा. बोल्टचे गोल डोके बाहेर, नट आत, आणि नटाखाली रुंद वायसर किंवा लोखंडी पट्टी. गोल डोक्याला पाना लागत नाही आणि आतली पट्टी लाकूड फाटल्याशिवाय सुटत नाही. कडी जाड पट्टीची घ्या, आणि कुलूप लावल्यावर बोल्ट तिच्याखाली झाकले जातील अशी बसवा. कुलपाची दांडी कोयंड्याच्या भोकात जेमतेम मावेल एवढी जाड असावी. सैल राहिली की पहारीला जागा मिळते. दार बाहेर उघडणारे असेल तर बिजागऱ्या बाहेर येतात, त्यांची खीळ ठोकून काढली की कुलपाच्या उलट बाजूने दार उघडते. खिळीची टोके वेल्डिंगने बंद करा. जमले तर दाराच्या आत बसणारे कुलूप लावा, म्हणजे बाहेर काही लटकत नाही आणि घरात माणूस आहे की नाही हे रस्त्यावरून कळत नाही. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये आहे. आत बसणारे कुलूप धरूनही हे सारे एका क्विंटलच्या पैशात व्हावे.

घरकुलाची गोष्ट वेगळी. सपाट भागात प्रधानमंत्री आवास योजनेचे केंद्राच्या निकषाने १ लाख २० हजार मिळतात, ते हप्त्यांनी येतात, आणि दाराची वेळ येईपर्यंत पैसे संपलेले असतात. मग पत्र्याचे दार लागते आणि कडी सरळ पत्र्यालाच वेल्ड केलेली असते. पत्रा पुठ्ठ्यासारखा फाटतो. कडी अँगलवर घ्या, पत्र्यावर नको. वेल्डिंगवाल्याला तेवढेच काम आहे, उभे राहून करून घ्या. चौकट भिंतीत होल्डफास्टने धरलेली आहे का तेही पाहा, नाहीतर दार चौकटीसकट आत पडते.

आणि कुडाच्या किंवा मातीच्या भिंती असतील तर दारावर पैसा घालू नका. चोर भिंतच फोडेल. कौले असतील तर तो वरून येईल. अशा घरात लोखंडी पेटी जमिनीत सिमेंटने गाडून तिला बळकट कुलूप लावणे जास्त शहाणपणाचे. परसदाराचेही तेच : पुढे सागवान आणि मागे न्हाणीजवळ तारेने बांधलेली फळी, अशी घरे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. किल्ली चौकटीवर, कोनाड्यात, तुळशीवृंदावनात ठेवण्याबद्दल काय लिहावे? ती जागा आपल्याला वाटते तेवढी गुपित नसते. शेजारच्या घरी ठेवा किंवा कमरेला लावा.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका. रानडुकरांसाठी कुंपणात वीज सोडण्याची जी वाईट खोड लागली आहे, ती दाराच्या जाळीपर्यंत आणू नका. पहिला बळी चोराचा जाणार नाही, रात्री उठलेल्या आपल्या पोराचा जाईल.

विजेवरून आठवले. ज्यांच्याकडे विहीर आहे त्यांना पंपाची वीज बरेचदा रात्री मिळते. घरधनी बॅटरी घेऊन ओलिताला जातो, मागे बाई आणि लहान पोरे. दिवसा वीज द्या ही मागणी आपण साप-विंचवासाठी आणि झोपेसाठी करत आलो. घराच्या राखणीसाठीही तीच मागणी आहे, हे अधिकाऱ्यांना सांगताना विसरू नका.

आता जरा कठीण विषय. गावात दोन घरे फुटली की तिसऱ्या दिवशी बोट कोणाकडे वळते? पालावरच्या माणसाकडे. पारधी असेल, डवरी गोसावी असेल, भांडी विकणारी बाई असेल. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मापासून गुन्हेगार ठरवल्या. देशाने तो कायदा १९५२ साली रद्द केला. आपल्या मनातून तो गेला का? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारे समजून जमावाने ठेचून मारले. ते मुले पळवणारे नव्हते. मारणारे कोणी परके नव्हते, आपल्यासारखेच गावकरी होते. ज्या शेतकऱ्याला सरकारी कचेरीत कपडे पाहून चोरासारखे वागवतात, त्याने दुसऱ्याला जात पाहून चोर म्हणावे?

कायदा काय सांगतो तेही पक्के समजून घ्या. सूर्यास्तानंतर कोणी घर फोडत असेल तर स्वतःच्या बचावाचा अधिकार न्याय संहितेच्या ४१ व्या कलमाने फार मोठा दिला आहे. पण तो घरफोडी चालू आहे तेवढ्यापुरता. पकडून खांबाला बांधलेल्या माणसाला मारण्याचा अधिकार कोणाला नाही. नागरिकाने पकडलेला आरोपी सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात दिलाच पाहिजे. ११२ फिरवा, माणूस त्यांच्या हवाली करा.

चोरी झालीच तर आत धावत जाऊ नका. कपाटाला, पेटीला हात लावू नका, ठसे तिथेच असतात. ठाण्यात बहुधा साधा अर्ज द्या म्हणतील. अर्ज देऊन परत येऊ नका. घरफोडी हा दखलपात्र गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत चोरीसाठी दिवसाच्या घरफोडीला १० वर्षांपर्यंत आणि रात्रीच्या घरफोडीला १४ वर्षांपर्यंत कैद आहे. एफआयआर नोंदवलाच पाहिजे, हद्द दुसऱ्या ठाण्याची असली तरी, आणि त्याची प्रत फुकट मिळते. नाकारले तर लेखी तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवा. सोन्याच्या पावत्या घरात सोन्याशेजारीच ठेवण्याची आपली रीत आहे. दोन्ही एकदम जातात. पावत्या दुसरीकडे ठेवा, दागिन्यांचे फोटो मोबाईलमध्ये काढून मुलीकडे किंवा भावाकडे पाठवून ठेवा. माल सापडला तर तो मुद्देमाल म्हणून अडकतो. कोर्टात अर्ज करून सुपुर्दनाम्यावर तो परत मागता येतो, खटला संपण्याची वाट पाहावी लागत नाही. पेरणीच्या आधी पोत हातात यायची तर हा अर्ज लगेच करायला हवा.

राहिली राखण. पूर्वी जागल्याचे काम वतनाच्या नावाखाली ठराविक जातींच्या गळ्यात बांधले होते. गावकीची ती कनिष्ठ वतने १९५८ च्या कायद्याने गेली, बरे झाले. पण त्याची जागा कोणी घेतली? १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाने पोलीस पाटील आहे, तो एकटा काय करील? वेचणीच्या दोन-तीन महिन्यांत प्रत्येक गल्लीने रोज एका घरचे एक माणूस दिवसभर गावात ठेवायचे, त्या दिवसाची त्याची वेचणी बाकीच्यांनी वाटून घ्यायची, असे काही गल्ल्यांना सहज जमण्यासारखे आहे. मायबहिणींनी हे मनावर घेतले तर पुरुषांच्या बैठकीत ठराव व्हायची गरज उरणार नाही.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याने एक कागद लिहून आणावा : कोणत्या गावात पोलीस पाटलाची जागा रिकामी आहे आणि कधीपासून, गेल्या वेचणीत किती घरे फुटली, त्यातल्या किती जणांना एफआयआरची प्रत मिळाली. यादी घेऊन पोलीस अधीक्षकांना भेटण्याची तारीख बैठकीतच ठरवू.