टर्मिनल निवडताना आधी ‘फुलंब्री’ लिहून पाहा

काळी खिडकी, पांढरी अक्षरे आणि लुकलुकणारा कर्सर. संगणकावर पहिल्यांदा टर्मिनल उघडले की फुलंब्रीच काय, पुण्यातला विद्यार्थीही बिचकतो. मग यूट्यूबवर कोणीतरी रंगीत, अर्धपारदर्शक टर्मिनल दाखवतो आणि दोन दिवस थीम बसवण्यात जातात. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे.

टर्मिनल म्हणजे आज्ञा टाइप करून संगणकाकडून काम करून घेण्याची खिडकी. शेकडो फायलींची नावे एका आज्ञेत बदलता येतात. सर्व्हर किंवा गिट शिकायचे तर आज ना उद्या तिथे यावेच लागते.

आपली खरी अडचण रंगांची नाही, अक्षरांची आहे. ‘फुलंब्री’ टाइप करा. डोळ्यांना तीन अक्षरे दिसतात: फु, लं, ब्री. युनिकोडमध्ये मात्र ती ८ चिन्हे होतात: फ, उकार, ल, अनुस्वार, ब, हलन्त, र आणि वेलांटी. यूटीएफ-८ मध्ये साठवली तर २४ बाइट. टर्मिनलची घडण अजून १९७८ च्या व्हीटी-१०० यंत्रासारखी, ८० रकान्यांची. प्रत्येक अक्षराला ठरलेल्या मापाचे घर. इंग्रजीला ते पुरते. मराठीत मात्र अनेक टर्मिनलांवर जोडाक्षर फुटते, मात्रा सुटी पडते, कर्सर भलतीकडेच उभा राहतो. गावातल्या खातेदारांची यादी दुरुस्त करताना असे झाले, तर चुकीचे नाव थेट अर्जावर जाते. कागदपत्रातले नाव दुरुस्त करायला किती खेटे घालावे लागतात, हे तालुक्याच्या माणसाला सांगायला नको.

म्हणून निवडीची पहिली परीक्षा मराठीची. विंडोज ११ मध्ये ‘विंडोज टर्मिनल’ आधीच असते. ते अद्ययावत करा, कारण अक्षर आणि त्याची मात्रा एकत्र धरण्याची सुधारणा १.२२ या आवृत्तीत आली. लिनक्सवर केडीईचे ‘कॉन्सोल’ आणि भारतीय लिप्यांचा विचार करून केलेले ‘एमएलटर्म’ तपासा. ‘नोटो सान्स देवनागरी’ किंवा मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्ता’ हे फॉन्ट मोफत आहेत. पण टर्मिनललाच मांडणी जमत नसेल, तर एकटा फॉन्ट काही करू शकत नाही.

त्यानंतर अक्षराचा आकार वाढवा आणि मागे सरकून पाहता येतील अशा ओळी वाढवा. जुन्या, कमी रॅमच्या संगणकावर पारदर्शकता बंदच ठेवा. अनेक ओळी एकदम पेस्ट करताना येणारी सूचना मात्र बंद करू नका. इंटरनेटवरून उचललेली आज्ञा न वाचता चालवणे म्हणजे कोऱ्या कागदावर सही करणे. थीम हवीच असेल तर शेवटी लावा.

संगणक नसेल तर अँड्रॉइड फोनवर ‘टर्मक्स’ घेऊन सराव सुरू करता येतो. तिथेही पहिला शब्द ‘फुलंब्री’च लिहा.