धावपट्टीवरील अपराधी कोण?

विमानावर पाखरू आदळले, किंवा धावपट्टीवर जनावर आडवे आले, अशी वार्ता कानी पडली की सारा दोष त्या मुक्या जिवाच्या माथी मारून आपण मोकळे होतो. आमच्या मते हा न्याय नव्हे.

संकट मात्र खरे आहे, व ते विमानाइतकेच जुने आहे. ऑर्व्हिल राइट यांच्या विमानाची पक्ष्याशी टक्कर 1905 सालीच झाली होती. पुढे 1912 साली कॅलिफोर्नियात लाँग बीच येथे कॅलब्रेथ रॉजर्स या धाडसी वैमानिकाचे विमान कुरव पक्ष्यास धडकून कोसळले, व त्यांचा अंत झाला. आज मोठ्या प्रवासी विमानाची पुढील काच सुमारे 4 पौंड वजनाच्या पक्ष्याचा आघात सोसते की नाही, याची परीक्षा घेतली जाते. दोन-चार आसनांच्या लहान विमानास तशी सक्ती नाही. त्यास एंजिनही बहुधा एकच. आणि वेग दुप्पट झाला की आघात चौपट होतो, हे पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांस सांगावयास नको.

महाराष्ट्रात बारामती येथे व गोंदियाजवळ बिरसी येथे तरुण मुलेमुली असल्याच लहान विमानांतून वैमानिकीचे धडे घेतात. उद्या त्यांत आपल्याच वर्गातील कोणी असेल.

आता पाखरे तेथे येतात तरी कशास? घारी व कावळे येतात ते आपण फेकलेल्या उष्ट्यावर व मांसाच्या तुकड्यांवर. बगळे येतात ते आपल्या सांडपाण्याच्या डबक्यांवर. भिंतीस पाडलेल्या खिंडारातून गुरे व कुत्री आत शिरतात. जबलपूरच्या डुमना विमानतळावर 2015 साली उतरत्या विमानास रानडुकरे आडवी आली. विमान घसरले, पण सुदैवाने प्रवासी बचावले. तो विमानतळ वनाच्या कडेस आहे, हे खरे. परंतु सुरतेस 2014 साली विमान धडकले ते म्हशीला. आणि म्हैस हे काही वनचर नव्हे!

कोणी म्हणेल, बंदूक चालवा म्हणजे झाले. परंतु उकिरडा जागच्या जागी राहिला, तर एक घार पडताच तिच्या जागी दुसरी येणार. 1937 सालच्या विमान नियमांनी विमानतळापासून 10 किलोमीटरच्या आत केरकचरा टाकण्यास व उघड्यावर जनावरे कापण्यास प्रतिबंध केला. तथापि प्रत्येक उकिरड्यावर शिपाई कोण उभा करणार? तसेच गुराख्यास नुसते हाकलूनही भागणार नाही. ग्रामपंचायतीने गायरान राखले, तर कुंपण मोडण्याची पाळी त्याच्यावर येणार नाही.

परमेश्वराने सृष्टी मनुष्याच्या हाती सोपविली ती राखणदारीसाठी. म्हणून विद्यार्थ्यांनो, विमानतळानजीक उघड्यावर अन्न टाकू नका, व टाकणाऱ्यास नम्रपणे समजवा. पालकांनीही ग्रामसभेत केरकचऱ्याचा व गायरानाचा प्रश्न अवश्य मांडावा. पाखरास नियम वाचता येत नाहीत; आपल्याला येतात. म्हणूनच जबाबदारीही आपलीच होय.