घोडं पेंड खातंय कुठे?

तुमच्या हातात चकली असताना वजनाचा विषय काढते आहे, त्याबद्दल आधीच माफी मागते. पण आज वजन माणसांचं नाही, घोड्याचं.

अल्फारेटाकरांना घोडे नवे नाहीत. विल्स पार्कला शो असला की ट्रेलरची रांग लागते, आणि मिल्टनकडे गाडी वळवली की कुंपणाआड घोडेच घोडे. आमची लेक तिकडच्याच एका तबेल्यात शिकते. तिथला बिस्किट नावाचा पोनी आम्ही 'हाफ लीज'वर घेतला आहे, म्हणजे आठवड्यातले ३ दिवस तो आमचा.

मार्चमध्ये आई पुण्याहून आली. तिचं बालपण दौंडजवळ, भीमेकाठी गेलं. तिच्या आजोबांकडे भीमथडीचं तट्टू होतं. मराठ्यांच्या फौजेत दौडलेली ती जात. ठेंगणी, काटक, माळावरच्या वाळल्या गवतावर निभावणारी. बिस्किटला पाहून आई अशी हरखली की नातीबरोबर तबेल्याची एकही फेरी चुकवीना. आणि रिकाम्या हाताने जाईल तर ती आजी कसली! गाजरं, सफरचंदं आणि आमच्या डब्यातला गूळ. आम्ही कौतुकाने फोटो काढत होतो.

मे महिन्यात एका सकाळी बिस्किट जागचा हलेना. पुढचे पाय ताणून, भार मागे टाकून उभा. खूर हाताला गरम लागत होते. व्हेट म्हणाल्या, लॅमिनायटिस. खुराच्या आतलं हाड ज्या नाजूक थरांनी खुराला धरलेलं असतं, ते थर दुखावतात. आजार बळावला तर हाड आतल्या आत सरकतं, आणि मग कधीकधी जनावराला कायमचं झोपवावं लागतं. लेक रडायला लागली. आई एकदम गप्प झाली.

"माझ्या गुळाने झालं का गं हे?" परत येताना गाडीत तिने विचारलं.

एकट्या गुळाने नाही. वसंतातलं हिरवंगार फेस्क्यू गवत, त्यातली साखर, दिवसभर मोकळी चराई, वर आमचे लाड. पोनी मुळात थोडक्यात भागवणारं जनावर. जास्त मिळालं की मानेवर, खांद्यामागे, शेपटीच्या मुळाशी चरबी धरतं, रक्तातलं इन्सुलिन वाढतं, आणि ते खुरांना बाधतं. 'इन्सुलिन' ऐकल्यावर आईने पर्स मांडीवर घट्ट धरली. तिच्या स्वतःच्या गोळ्या त्यातच असतात.

व्हेटनी आम्हाला एक सोपी खूण शिकवली. मूठ आवळून बोटांच्या पेरांवरून हात फिरवा: फासळ्या अशा लागल्या तर घोडा रोड. पसरलेल्या पंजाच्या पाठीसारख्या लागल्या तर ठीक. तळव्याच्या गादीसारखं लागलं तर जाड. १ ते ९ च्या मापात ५ उत्तम. बिस्किट ८ वर होता.

"मग चार दिवस उपास घाला त्याला," आई म्हणाली. नाही! पोनीला उपाशी ठेवलं तर अंगातली चरबी रक्तात उतरून जिवावर बेततं. खाणं मोजून द्यायचं. आमच्या ६०० पौंडी बिस्किटला वजनाच्या दीड टक्का, म्हणजे दिवसाला ९ पौंड सुकं गवत, काट्यावर तोलून. ते आधी तासभर पाण्यात भिजवायचं, म्हणजे साखर उतरते. पाणी फेकायचं, आणि जॉर्जियाच्या उन्हात आंबायच्या आत खायला घालायचं. बारीक भोकांच्या जाळीत भरलं की संपायला वेळ लागतो. पाण्याबरोबर खनिजंही जातात, म्हणून ती वेगळी द्यायची. खूर बरे होईपर्यंत ना कुरण, ना रपेट. पुढे थोडी चराई, तीही तोंडाला मुसकं बांधून. बैलाला मळणीत बांधतात तसंच, फक्त याला खाली एक भोक असतं.

पंधरा दिवसांनी एकदा छातीचा घेर मोजायचा. ही वही आईने स्वतःकडे घेतली. गाजरांच्या जागी तिच्या हातात ब्रश आला. ती त्याला अर्धा अर्धा तास खरारा करायची आणि आजोबांच्या तट्टाच्या गोष्टी सांगायची, मराठीतून. बिस्किट कान टवकारून ऐकायचा. ऑगस्टमध्ये आई परत गेली तेव्हा आकडा ६ वर आला होता, आणि लेक त्याला हळूहळू चालवू लागली होती.

परवा व्हिडिओ कॉलवर मी आईला फराळाचं ताट दाखवलं. म्हणाली, "मी या वर्षी करंजी अर्धीच खाणार आहे. पण आधी बिस्किटचा घेर सांग."

तेव्हा मंडळी, पाहुण्यांना घेऊन एखाद्या तबेल्यात गेलात तर विचारल्याशिवाय कुणाला काही भरवू नका. दिवाळीच्या सुमारास तर मुळीच नाही. थंड रात्री आणि लख्ख ऊन असलं की गवतातही साखर वाढते. लाड करायचे तर ब्रश मागून घ्या.

आणि हो, घरी या. फराळ भरपूर आहे, आमच्याकडे तो तोलून देत नाही. अजून तरी!