पांढरा टायर घासतो कोण?

यंदाच्या गॅदरिंगला एका माजी विद्यार्थ्याची जुनी फियाट कॉलेजात आली होती. सगळ्यांचे डोळे खिळले ते टायरच्या पांढऱ्या पट्ट्यावर. 'काय रॉयल दिसते राव!' मी मात्र गप्प होतो. कारण बारावीच्या सुट्टीत मामाच्या गॅरेजात मी असलेच टायर घासलेत. लग्नाची गाडी होती. साबण, ब्रश आणि पूर्ण दोन तास! वरात निघाली अन् पहिल्याच वळणावर टायर फुटपाथला घासला. झाला पट्टा काळा!

आता थोडं थिअरीचं. रबर मुळात काळं नसतंच. सुरुवातीचे टायर फिकटच असत, त्यात झिंक ऑक्साइड घालत. 1910 नंतरच्या दशकात रबरात कार्बन ब्लॅक, म्हणजे चक्क काजळी, मिसळायला लागले आणि टायर कितीतरी जास्त टिकू लागला. काटकसर म्हणून काही कंपन्या ती फक्त रस्त्याला टेकणाऱ्या भागात घालत. कडा पांढऱ्याच राहत. म्हणजे तेव्हा पूर्ण काळा टायर भारी आणि पांढऱ्या कडेचा स्वस्त!

पुढे गंमत उलटली. 1934 साली फोर्डने पांढऱ्या कडांचे टायर जादा पैसे घेऊन द्यायला सुरुवात केली. पांढरा पट्टा श्रीमंतीची खूण झाला. का? मजबुतीत काहीच भर पडली नव्हती. माझं मत विचाराल तर, तो स्वच्छ ठेवायला घरात गडीमाणूस लागतो, हेच त्यातून दिसायचं.

याचा आपल्याशी काय संबंध, म्हणाल? सांगतो. जूनमध्ये आपल्या होस्टेलला पांढराशुभ्र रंग दिला. मी रोज सायकल कॉरिडॉरच्या भिंतीला टेकवायचो. एका रविवारी सफाईवाले मामा गुडघ्यावर बसून भिंत घासताना दिसले. डाग माझ्याच टायरचा होता. मी मान खाली घालून मेसला निघून गेलो. गॅरेजात दोन तास घासलेला मी!

पांढऱ्या रंगाशी माझं भांडण नाही. जरूर मिरवा. पण ब्रश दुसऱ्याच्या हातात देऊन नको. पुढच्या रविवारी मी बादली घेऊन तळमजल्यापासून सुरुवात करतोय. ज्यांच्या सायकली कॉरिडॉरमध्ये आहेत त्यांनी यावं, ब्रश आपापला आणावा!