न वापरलेला गिअर ऐन पुरात दगा देतो

नोव्हेंबर महिना. महाराष्ट्रातला पाऊस परतलेला असतो, कपाटातून स्वेटर बाहेर निघू लागलेले असतात. तमिळनाडूतल्या कुंभकोणमला मात्र खरा पाऊस याच दिवसांत कोसळतो. उत्तरेला कावेरी, दक्षिणेला अरसलार आणि अवतीभवती भाताची खाचरं. इथली चिकण माती एकदा भिजली, की बांधावरून जाणारा माणूस चप्पल हातात घेतो. अशा वाटेवर केळीचे घड भरलेली पिकअप रुतली, की ड्रायव्हरचा हात आपसूक फोर व्हील ड्राइव्हच्या छोट्या दांड्याकडे जातो.

दांडा ओढला जातो. गाडी मात्र जागची हलत नाही. मागची चाकं चिखल उडवत फिरतात, पुढची दोन ढिम्म!

कुंभकोणम मराठी माणसाला परकं नाही. शेजारच्या तंजावरला भोसल्यांची गादी 1855पर्यंत होती आणि बडोद्याचे दिवाण म्हणून गाजलेले सर टी. माधवराव 1828मध्ये कुंभकोणमलाच जन्मले. चारही चाकांनी ओढणाऱ्या गाडीशीही आपली ओळख जुनी आहे. महिंद्रनं विलिस जीपची जुळणी सुरू केली ती 1947मध्ये, मुंबईत. इतकी जुनी यंत्रणा, तरी ऐन वेळी का रुसते?

कारण साधं आहे. बाकीची गाडी रोज चालते, हा भाग वर्षभर झोपलेला असतो. यंत्र वापरानं झिजतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण ते नुसतं पडून राहिल्यानंही बिघडतं, हे लक्षात येतं ते चिखलात उभं राहिल्यावर. सील वाळतात, सांध्यांतलं ग्रीस घट्ट होतं, पुढची चाकं जोडणाऱ्या हबमध्ये गंज धरतो, व्हॅक्यूमच्या नळीला चिरा पडतात.

तेव्हा पहिला नियम : महिन्यातून एकदा ही यंत्रणा चालवा. कच्च्या रस्त्यावर, वाळूवर किंवा ओल्या मैदानात तीन-चार किलोमीटर पुरे. हाताने फिरवायचे हब असतील तर दोन्हीकडचे फिरवा. एकच फिरवून भागत नाही. एवढ्यानं तेल सगळीकडे पोहोचतं आणि दांडा मोकळा राहतो.

दुसरा नियम नेमका उलटा : कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर व्हील ड्राइव्ह लावू नका. वळण घेताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा फेरा मारतात. बहुतेक पिकअपमध्ये हा फरक सामावून घेणारी सोय पुढच्या आणि मागच्या शाफ्टमध्ये नसते; दोन्ही एकमेकांना घट्ट बांधले जातात. चिखलात चाक थोडं घसरतं आणि ताण सुटतो. डांबरावर घसरायला जागाच नाही. मग स्टिअरिंग जड होतं, टायर घासतात आणि दांडा अडकून बसतो. असं झालं तर हातोडी शोधू नका. गाडी सरळ रेषेत चार-पाच मीटर मागे घ्या. ताण सुटला, की दांडाही सुटतो.

याच कारणासाठी चारही टायर एकाच मापाचे आणि सारखेच झिजलेले हवेत. पुढे नवे, मागे गोटा झालेले, अशी काटकसर अखेर ट्रान्सफर केसच्या बिलात वसूल होते.

तिसरी गोष्ट पाण्याची. लांबून आलेल्या गाडीचा अ‍ॅक्सल तापलेला असतो. तो थंड पाण्यात बुडाला, की आतली हवा आकसते आणि बाहेरचं पाणी आत खेचलं जातं. हवेच्या ये-जा करण्यासाठी अ‍ॅक्सलवर ब्रीदर नावाची लहानशी वाट ठेवलेली असते. ती चिखलानं बुजली, तर पाणी सीलमधून घुसतं. म्हणून पावसाळ्याआधी ब्रीदर साफ करा. खोल पाण्यातून जावं लागलं, तर दुसऱ्या दिवशी डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केसचं तेल तपासून घ्या. ते दुधाळ दिसलं, की पाणी मिसळलंच समजा. असं तेल लगेच बदला, पुढच्या सर्व्हिसिंगची वाट बघू नका. कुठलं तेल घालायचं हे गाडीबरोबरच्या पुस्तकात छापलेलं असतं. प्रॉपेलर शाफ्टच्या सांध्यांना निपल असतील, तर तिथं ताजं ग्रीस भरून घ्या.

यंत्रणा खरंच जोडली जाते का, हे कसं ओळखायचं? नव्या गाड्यांत दांड्याऐवजी बटण असतं आणि दिवा लागतो, पण दिव्यावर सगळा भरवसा टाकू नये. हाताने फिरवायचे हब असलेल्या गाडीची एक सोपी परीक्षा मेकॅनिककडून करून घेता येते. सपाट जागी इंजिन बंद करून, मागच्या चाकांना दगडी अडण लावून, दोन्ही हब लॉक करायचे आणि पुढचं एक चाक उचलून खाली मजबूत घोडी ठेवायची. दांडा टू व्हीलवर असताना ते चाक हाताने फिरवलं, तर पुढचा प्रॉपेलर शाफ्टही फिरला पाहिजे. दांडा फोर व्हीलवर टाकला, की तेच चाक थोडं हलून अडलं पाहिजे. अडलं नाही, तर दोष पुराआधीच सापडला म्हणायचा!

हा सारा खटाटोप वर्षातल्या एक-दोन दिवसांसाठी? होय. 16 नोव्हेंबर 2018च्या पहाटे ‘गज’ चक्रीवादळ वेदारण्यमजवळ किनाऱ्यावर आदळलं. तंजावर, नागपट्टिणम, तिरुवारूर जिल्ह्यांत नारळाच्या बागा आडव्या झाल्या, झाडं पडून रस्ते अडले, वीज गेली. आपल्याकडेही ऑगस्ट 2019मध्ये कोल्हापूर-सांगली आणि जुलै 2021मध्ये चिपळूण पाण्याखाली गेलं. अशा वेळी गावातली एक पिकअप बाळंतिणीला दवाखान्यात नेऊ शकते किंवा पिण्याचं पाणी पोहोचवू शकते. त्या दिवशी गॅरेज बंद असतं आणि मेकॅनिकच्या घरातही पाणी शिरलेलं असतं.

मात्र एक विसरू नका. चार चाकं ओढतात म्हणजे गाडी तरंगते असं नाही. वाहत्या पाण्यात, पुलावरून पाणी जात असताना गाडी घालणं हा नसता धोका आहे. चारही चाकांची ओढ गाडी पुढे नेते, ब्रेक लवकर लागायला तिची मदत होत नाही.

घरातल्या छत्रीच्या काड्या आपण मेमध्येच उघडून बघतो. पिकअपच्या त्या छोट्या दांड्याचंही तसंच. कोकणात मेमध्ये, कुंभकोणमला सप्टेंबरमध्ये, एकदा ओढून बघितलेला बरा.