योजना आली, गाडी कधी येणार?

महाराष्ट्र सरकारनं 2023 मध्ये सीमाभागातल्या 865 गावांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केली. चांगलंच झालं. पण खानापूरच्या भीमगड जंगलातल्या आमगाव, गवाळीसारख्या गावांतून पावसाळ्यात आजारी माणूस आजही खांद्यावरून आणावा लागतो. मोफत उपचार दवाखान्यात मिळतात. तिथवर पोचवणार कोण?

रस्ते कर्नाटकाच्या ताब्यात आहेत, म्हणून मागणी त्यांच्याकडंच: नाल्यांवर साकव बांधा. जून ते सप्टेंबर कणकुंबी, हेम्माडगा इथं जंगलवाटेवर चालणारी जीप ड्रायव्हरसकट कायम उभी ठेवा. सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. निकाल लागेल तेव्हा लागेल. अडलेली बाळंतीण तोवर थांबत नाही.