खुरपे घेताना

मृगाचा पाऊस पडून पंधरवडा उलटला की बुरोंडीच्या वाड्यांमधून एकच वाक्य कानी येते, ‘रान माजले.’ दापोली तालुक्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यातील बहुतेक चार महिन्यांत. साहजिकच तण कशाने काढावे, हा येथे दरवर्षीचा प्रश्न असतो. आपल्या वाचकांपैकी कित्येकांनी पेठेतील व्यवहार सांभाळून घरामागे परसबाग राखली आहे. काहींनी कोकणात लहानशी वाडीही घेतली आहे. त्यांच्यासाठी या महिन्यात खुरपे-विळ्यांचा विचार करू.

अवजार घेण्यापूर्वी तणाचे मूळ पाहावे. टाकळ्याचे रोप कोवळे असताना ओल्या मातीतून हातानेच उपटून येते, आणि त्याच्या पाल्याची भाजीही होते. लहान गवतासाठी रुंद, पातळ पात्याचे खुरपे पुरते. ते मातीच्या पृष्ठभागालगत, आडवे चालवावे. लव्हाळ्याची गोष्ट वेगळी. त्याच्या जमिनीखाली गाठींची माळ असते. वरचे पाते कापले की गाठीतून नवे कोंब येतात. तेथे अरुंद, टोकदार पात्याचे खुरपे खोल घालून गाठ सबंध उचलावी लागते. हरळीच्या प्रत्येक पेराला मूळ फुटते, म्हणून तिच्यावर कुदळ चालवून तुकडे केले तर एका जागची हरळी दहा जागी होते. माती सैल करून तिचे धागे अखंड ओढून काढावेत. रानमोडी नुसती कोयत्याने छाटली तर बुंध्यातून पुन्हा फुटते. तिला मात्र कुदळीने मुळासकट काढणे भाग आहे. कोणतेही तण असो, फुलावर येण्यापूर्वी काढले तर पुढच्या वर्षाचे काम हलके होते.

दुसरा विचार जमिनीचा. किनाऱ्यालगतच्या वाळूमिश्रित मातीत मुळे सहज सुटतात. चढावरच्या जांभ्याच्या जमिनीत माती थोडी आणि दगड फार. तेथे पातळ पात्याची धार दोन दिवसांत जाते. शिवाय उतारावर भर पावसात खणले तर मोकळी झालेली माती पाण्याबरोबर वाहून जाते, आणि ती परत मिळत नाही. अशा जागी कलमाच्या आळ्यापुरते खुरपावे आणि उरलेले गवत विळ्याने कापून मुळे जमिनीतच राहू द्यावीत. तीच माती धरून ठेवतात. कापलेले गवत आळ्यात पसरले की त्याचे आच्छादन होते. पावसाळ्यातील माती गांडुळांनी आणि असंख्य सूक्ष्म जीवांनी भरलेली असते. चातुर्मासात पाऊलही पाहून टाकणाऱ्या घरांना, जेथे विळ्याने भागते तेथे कुदळ का उचलू नये, हे निराळे सांगावयास नको.

तिसरा विचार सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित, तो दांड्याचा. बहुतेक घरांत अवजार विकत घेणारा एक आणि चालवणारा दुसरा असतो. कोकणात बेणणीचे काम प्रामुख्याने स्त्रिया करतात आणि ते तासन् तास उकिडवे बसून किंवा वाकून चालते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात शेतमजुरांना जेमतेम फूट-दीड फूट दांड्याच्या कुदळीने दिवसभर वाकून तण काढावे लागे. त्यातून कायमच्या पाठदुखीच्या तक्रारी वाढल्या. प्रकरण न्यायालयात गेले आणि १९७५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने मजुरांच्या बाजूने निर्णय दिल्यावर ते आखूड अवजार हद्दपार झाले. पाते तेच राहिले, फक्त दांडा लांबला. आपल्याकडेही भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने उभ्याने ढकलावयाचे दुचाकी कोळपे तयार केले आहे. सपाट जमिनीवर, ओळीत लावलेल्या भाजीपाल्यात ते उत्तम चालते. दगडाळ उतारावर मात्र त्याचा उपयोग नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा दातेरी वैभव विळा भातकापणीसाठी प्रसिद्ध आहे.

प्रत्यक्ष खरेदी करताना चार गोष्टी पाहाव्यात. पाते पोलादाचे असावे. गाडीच्या जुन्या पाट्यापासून गावच्या लोहाराने घडवलेले खुरपे चकचकीत पत्र्याच्या खुरप्यापेक्षा कितीतरी टिकते. पात्याची शेपटी दांड्यात खोलवर गेलेली असावी. दांड्याच्या तोंडाशी लोखंडी शेंबी घट्ट असावी, नाहीतर पहिल्याच पावसात लाकूड फुगून चिरते. दांडा मुठीत पुरता मावणारा आणि गुळगुळीत असावा. उभ्याने काम करावयाचे असेल तर फार न वाकता पाते जमिनीला टेकले पाहिजे.

समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात लोखंड लवकर गंजते. काम संपताच पाते धुऊन, कोरडे पुसून त्यावर खोबरेल तेलाचा हात फिरवावा आणि अवजार खुंटीला टांगावे. आठवड्यातून एकदा कानशीने धार लावावी. बोथट पात्याला अधिक जोर लागतो, आणि तो जोर मनगटातूनच येतो.

बँकेत कर्जप्रकरण तपासताना कागदाइतकेच माणसाकडे पाहावे लागे. येथेही तेच. अवजाराची किंमत आपण एकदाच देतो; चुकीच्या दांड्याची किंमत मात्र रोज, दुसऱ्याच कोणाच्या पाठीतून वसूल होते. म्हणून खुरपे घ्यावयास जाताना, जी बाई ते चालवणार आहे तिलाच दुकानात बरोबर न्यावे. तिला ते हातात धरू द्यावे, बसून आणि उभे राहून पाहू द्यावे, आणि ती निवडील तेच घ्यावे.